रस्ट आल्यावर मेमरी मॅनेजमेंटमध्ये संशोधनाला काय उरलं?

प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.चं दुसरं वर्ष सुरू आहे. मार्गदर्शकांनी 'प्रोग्रामिंग भाषांमधलं मेमरी मॅनेजमेंट आणि विश्वासार्हता' हा विषय सुचवलाय, म्हणजे प्रोग्रामनं मेमरीतली जागा कधी घ्यायची आणि कधी सोडायची. मित्रमंडळी म्हणतात, अर्धा प्रश्न जावा भाषेनं सोडवला, उरलेला रस्ट या नव्या भाषेनं. आता त्यावर प्रबंध लिहिणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणं. हे खरं आहे का?

मित्रांना एकच विचारा: जावाचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग, नेमकं काय उचलतो? बहुतेक जण सांगतील, 'जे पुढे लागणार नाही ते'. तसं नाही. प्रोग्रामला ज्याच्यापर्यंत कुठल्याच वाटेनं पोहोचता येत नाही, तेवढंच तो उचलतो. 'लागणार नाही' आणि 'पोहोचता येत नाही' यांच्यामध्ये एक फट आहे, आणि माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी जागरणं त्याच फटीतली आहेत.

त्यातलं एक सांगतो. मी एका वित्तसंस्थेच्या जावा प्रणालीवर होतो, नाव नको. दर रविवारी पहाटे तीनला सर्व्हर रीस्टार्ट व्हायचा. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, एक ओळ होती, आणि ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. दिवाळीच्या आधी संस्थेनं फ्रीझ जाहीर केला: तीन आठवडे प्रॉडक्शनला कुणी हात लावायचा नाही. नव्यानं आलेल्या एका शिस्तीच्या ॲडमिननं रविवारचा रीस्टार्टही थांबवला, कारण तोही हस्तक्षेपच. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी हीप, म्हणजे चालता प्रोग्राम आपल्या वस्तू ठेवतो ती मेमरी, भरली. कलेक्टर जिवाच्या आकांतानं धावायचा, एक-दोन टक्के जागा सोडवायचा, ती दोन सेकंदांत संपायची, की पुन्हा धाव. सर्व्हर मेला असता तर बरं झालं असतं, शेजारच्या मशीननं भार उचलला असता. पण तो मेला नाही. हेल्थ चेकला, म्हणजे 'जिवंत आहेस ना' या ठरावीक विचारणेला, तो इमानेइतबारे 'ठीक आहे' म्हणत राहिला आणि ग्राहकाला मात्र काहीच उत्तर देईना.

हीप डंप, म्हणजे त्या क्षणीच्या हीपची नक्कल, उघडला तर आत एक हॅशमॅप, म्हणजे किल्ली दिली की नोंद काढून देणारं कोष्टक. प्रत्येक लॉगिनला त्यात सत्राची नोंद पडायची आणि लॉगआउटला निघायची. आता लॉगआउट करतं कोण? लोक ब्राउझर बंद करून चहाला जातात.

त्या प्रोग्राममध्ये एकही डँगलिंग पॉइंटर (सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवणारा पत्ता) नव्हता, बफर ओव्हरफ्लो (राखलेल्या जागेबाहेर लिहिणं) नव्हता. आज ज्याला आपण मेमरी-सेफ म्हणतो, तसा तो शंभर टक्के होता. तरी ऐन सणाला त्यानं संस्थेला खाली बसवलं. तुमचा विषय इथून सुरू होतो.

माझ्या मते हा सगळा प्रांत एकाच माहितीभोवती फिरतो: या वस्तूचं काम संपलं, हे कुणाला आणि कधी कळतं? सी भाषेत ती माहिती प्रोग्रामरच्या डोक्यात असते. लिस्प आणि जावा या भाषांमध्ये ती रनटाइम, म्हणजे प्रोग्रामसोबत चालणारी यंत्रणा, चालता चालता अंदाजानं काढतो. रस्टमध्ये ती टाइपात (कुठली वस्तू कशी वापरता येईल या वर्णनात) लिहून कंपायलरकडून (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडून) तपासून घ्यायची असते. अलीकडे ती थेट चिपमध्ये नेण्याचेही प्रयत्न आहेत. ती कुठेही ठेवली तरी थोडी अपुरीच पडते, आणि कुठे किती अपुरी पडते यावर साठ-पासष्ट वर्षं संशोधन चाललंय.

सुरुवात मोठी गमतीची आहे. दोन्ही मूळ कल्पना १९६० या एकाच वर्षी छापून आल्या. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पवरच्या आपल्या लेखात, अगदी जाता जाता, मुळापासून (प्रोग्रामच्या थेट हाती असलेल्या वस्तूंपासून) निघून पोहोचता येईल तेवढ्यावर खूण करायची आणि बाकीचं झाडून काढायचं ही रीत सांगितली. जॉर्ज कॉलिन्स यांनी त्याच वर्षी दुसरी रीत मांडली: प्रत्येक वस्तूपाशी मोजणी ठेवायची, तिच्याकडे बोट दाखवणारे शून्य झाले की तिला सोडून द्यायचं. 'अ'कडे 'ब' बोट दाखवतो आणि 'ब'कडे 'अ', अशी जोडी झाली की ही मोजणी कधीच शून्य होत नाही. तो दोष पहिल्या दिवसापासूनचा आणि आजही तसाच. स्विफ्टमध्ये आयफोनचं ॲप लिहिणाऱ्याला 'वीक' (मोजणीत न धरायचा संदर्भ) हा शब्द कुठे लावायचा हे अजून स्वतःच ठरवावं लागतं. चव्वेचाळीस वर्षांनी, २००४ साली, आयबीएममधल्या डेव्हिड बेकन, पेरी चेंग आणि व्ही. टी. राजन यांनी दाखवलं की या दोन रीती एकमेकींचं प्रतिबिंब आहेत. एक जिवंतांचा माग काढते, दुसरी मेलेल्यांचा. आणि व्यवहारात वेगानं चालणारा प्रत्येक कलेक्टर या दोहोंची कुठली तरी भेळ असतो. या विषयात एकच लेख वाचायला वेळ असेल तर मी हाच हातात देईन.

मॅकार्थींनीच लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. एमआयटीत उद्योगजगतातल्या पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक चाललं होतं. यंत्र पहिल्या मजल्यावर, पाहुणे चौथ्या मजल्यावर टीव्हीच्या पडद्यापुढे. सगळं नीट चाललेलं असताना मेमरी संपली, आणि टाइपरायटरसारखं ते फ्लेक्सोरायटर सेकंदाला दहा अक्षरांच्या संथ गतीनं टाइप करू लागलं: गार्बेज कलेक्टरला पाचारण करण्यात आलं आहे, काही रंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे... पाहुण्यांना कलेक्टर म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. प्रात्यक्षिकाचा उरलेला वेळ त्या आकडेवारीतच जाणार हे उघड होतं, आणि मॅकार्थींना व व्याख्यात्याला हसू आवरेना. कलेक्टर चालताना प्रोग्राम थांबतो, त्याला आज आपण 'जीसी पॉज' म्हणतो; त्याचं जाहीर दर्शन ते असं.

पॉजचं दुखणं आता पुष्कळ उतरलंय. बहुतेक वस्तू तरुणपणीच मरतात हे निरीक्षण, हेन्री लीबरमन आणि कार्ल ह्युइट यांचं १९८३ चं आणि डेव्हिड उंगर यांचं १९८४ चं काम, यांतून पिढ्यांनुसार गोळा करणारे कलेक्टर आले. प्रोग्राम न थांबवता शेजारी बसून गोळा करण्याची कल्पना डाइक्स्ट्रा, लॅम्पोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच मांडली होती. आज जावाचा झेडजीसी हा कलेक्टर प्रचंड हीपवरही एक मिलिसेकंदाच्या आत पॉज उरकतो. म्हणून 'पॉज कमी करणे' या विषयाकडे, माझं ऐकाल तर, वळू नका. तिथे मोठ्या कंपन्यांच्या टोळ्या वर्षानुवर्षं बसलेल्या आहेत, एकट्या विद्यार्थ्याचा निभाव लागत नाही.

पॉजपेक्षा कमी बोलली जाणारी किंमत जागेची आहे. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर यांनी २००५ मध्ये ती मोजली. हातानं मेमरी सोडणाऱ्या प्रोग्रामला जेवढी जागा लागते, तिच्या पाचपट दिली तर चांगला कलेक्टर त्याच्या बरोबरीनं धावतो. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे पडतो. दुपटीवर आणली तर जवळपास ७० टक्के. कलेक्टर तेव्हापासून खूप सुधारले, आकडे बदलले असतील, पण वक्राचा आकार तोच आहे: मोकळी जागा आटत आली की कलेक्टर हळूहळू खचत नाही, कडेलोट होतो. आमच्या धनत्रयोदशीच्या आलेखात हाच वक्र होता. संध्याकाळी पाचपर्यंत सगळं सपाट आणि साडेपाचला भिंत.

आता सी भाषेची बाजू. तिथली माहिती डोक्यात असते आणि डोकं चुकतं, एवढं म्हणून पुढे जाता येईल. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टोनी होर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात आठवण सांगितली होती. साठच्या दशकात त्यांनी एलियट कंपनीसाठी अल्गॉल भाषेचा कंपायलर केला, त्यात ॲरेच्या (ओळीनं ठेवलेल्या नोंदींच्या) प्रत्येक वापराला मर्यादा तपासली जाई. वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असं ग्राहकांना विचारलं, तर सगळे एकमुखानं म्हणाले, नको. प्रत्यक्ष वापरात अशा चुका किती होतात हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. म्हणजे ग्राहकांना साठच्या दशकात जे कळलं होतं, ते पुढची भाषा घडवणाऱ्यांनी बाजूला ठेवलं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा यंत्रायंत्रांतून स्वतःच पसरणारा प्रोग्राम पसरला, त्याची एक वाट फिंगर (यंत्रावर कोण आहे हे सांगणाऱ्या) सेवेतल्या ५१२ बाइटच्या बफरमधून जात होती. लांबी न विचारता ओळ वाचणारं 'गेट्स' हे फंक्शन त्याला कारण. ते सीच्या मानकातून निघालं २०११ साली. तेवीस वर्षं.

मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या दरवर्षीच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमधून येतात. पुढच्याच वर्षी क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या मूळ प्रकल्पाच्या, मंडळींनी गंभीर त्रुटींसाठी जवळपास तोच आकडा दिला, आणि त्यातल्या निम्म्या 'सोडल्यानंतर वापरलं' या एकाच जातीच्या होत्या. दोन वेगवेगळ्या संस्थांचे आकडे इतके जुळतात, तेव्हा दोष प्रोग्रामरच्या आळसात शोधण्यात अर्थ नाही.

तुमच्या मित्रांचं दैवत रस्ट. त्याची वंशावळ पाहिलीत तर 'संशोधन कशाला' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल. झाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये लिनियर लॉजिक मांडलं: गृहीतक एकदाच वापरायचं, वापरलं की संपलं. तो शुद्ध तर्कशास्त्राचा विषय होता. फिलिप वॉडलर यांनी १९९० मध्ये तो टाइपांमध्ये आणला. मॅड्स टॉफ्ट आणि झाँ-पिएर ताल्पाँ यांनी १९९४ मध्ये दाखवलं की एमएलसारख्या भाषेत कुठली वस्तू मेमरीच्या कुठल्या प्रदेशात राहील आणि तो प्रदेश कधी एकगठ्ठा सोडायचा, हे कंपायलर स्वतः शोधू शकतो. कॉर्नेल आणि एटी अँड टीच्या सायक्लोन या भाषेनं २००२ च्या सुमारास ते सीच्या अंगाखांद्यावर बसवून पाहिलं. सायक्लोन फारशी कुणी वापरली नाही. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती आली १५ मे २०१५ रोजी. जिरारच्या लेखापासून अठ्ठावीस वर्षं. मधल्या काळात यातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी विचारलंच असेल, याचा उपयोग काय म्हणून.

आणि रस्टनं नेमकं काय कबूल केलंय ते नीट वाचा. पहिल्या आवृत्तीच्या तोंडावर, २०१५ च्या वसंतात, एक पेच आला. थ्रेडची (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांची) एक सोय अशी रचली होती की वस्तू नष्ट होताना तिचा डिस्ट्रक्टर (आवराआवर करणारा कोड) हटकून चालेल, आणि त्यावरच तिची सुरक्षितता उभी होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मोजणीवाल्या पॉइंटरचं चक्र केलं, तेच 'अ' आणि 'ब' एकमेकांकडे बोट दाखवणारं, तर डिस्ट्रक्टर कधीच चालत नाही. म्हणजे पूर्ण सुरक्षित कोड लिहून मेमरी भ्रष्ट करता येत होती. निवड करावी लागली: एक तर चक्रं अशक्य करा, नाही तर 'लीक' (मेमरी न सुटता अडकून राहणं) हा सुरक्षिततेचा भंग नाही असं जाहीर करा. त्यांनी दुसरं केलं. ती थ्रेडची सोय काढून टाकली, आणि वेगळ्या रूपात ती परत यायला २०२२ उजाडलं. कॉलिन्सचा १९६० चा दोष पंचावन्न वर्षांनी अगदी आधुनिक भाषेच्या उंबरठ्यावर येऊन बसला, हे मला फार आवडतं.

निर्णय योग्यच होता. पण त्याचा अर्थ असा की आमचा तो हॅशमॅप सुरक्षित रस्टमध्ये ओळीला ओळ तसाच लिहिता येतो. कंपायलर हूं की चूं करणार नाही.

रस्टच्या टाइपांचा हा डोलारा खरंच उभा राहतो का, हेही बराच काळ कुणी सिद्ध केलं नव्हतं. जर्मनीतल्या झारब्रुकनच्या गटानं, म्हणजे राल्फ युंग, डेरेक ड्रायर आणि सहकाऱ्यांनी, २०१८ मध्ये रस्टबेल्ट नावाचं काम प्रसिद्ध केलं: रस्टच्या गाभ्याची यंत्रानं तपासलेली सिद्धता, आणि आत 'अनसेफ' (कंपायलरच्या काही तपासण्या बाजूला ठेवणारा कोड) वापरणाऱ्या लायब्ऱ्यांनी काय पाळलं की बाहेरचा कोड सुरक्षित राहतो याचा हिशोब. त्या खटाटोपात मानक लायब्ररीतली एक खरी चूक सापडली. लॉकशी संबंधित एक टाइप नको तेव्हा थ्रेडमध्ये वाटून घेता येत होता. हजारो डोळ्यांना न दिसलेली चूक सिद्धता लिहिणाऱ्याला दिसली. गणिताची आवड असेल तर ही वाट अजून मोकळी आहे. पण 'अनसेफ'मध्ये नक्की काय चालतं आणि काय चालत नाही याचे नियम अजून ठरतच आहेत, तेव्हा पाया हलत असताना घर बांधायची तयारी हवी.

आता विश्वासार्हता. इथे दोन घटना शेजारी ठेवतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आणली. आपल्याकडे विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आठवत असेल. कारण: कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा कोड २१ नोंदींची अपेक्षा करत होता, त्याला २० मिळाल्या, आणि तो ॲरेच्या बाहेर वाचायला गेला. जुनाच रोग. दुसरी घटना १८ नोव्हेंबर २०२५ ची. संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचं जाळं सुमारे तीन तास कोलमडलं आणि जगातली असंख्य संकेतस्थळं त्याबरोबर गेली. तिथला कोड रस्टमध्ये होता. बॉट ओळखणाऱ्या भागासाठी वैशिष्ट्यांची एक फाइल दर पाच मिनिटांनी तयार होते. तिच्यासाठी मेमरी आधीच राखून ठेवलेली, मर्यादा २००. डेटाबेसच्या परवानग्या बदलल्यामुळे फाइलीत नोंदी दुप्पट झाल्या, मर्यादा ओलांडली, कोडनं ती तपासलीही. पण चूक परत आल्यावर काय करायचं, तिथे 'अनरॅप' (चूक असेल तर सरळ थांब) लिहिलेलं. पॅनिक. मेमरीची एक बाइटही भ्रष्ट झाली नाही. आणि फाइल आलटून पालटून चांगली-वाईट येत होती, म्हणून यंत्रणा उठायची आणि पडायची. सुरुवातीला तिथल्या लोकांना मोठा हल्लाच झाल्याची शंका आली.

मेमरी सेफ्टीनं काय दिलं? मुकी चूक बोलकी केली. हे फार मोठं देणं आहे, कारण क्राउडस्ट्राइकच्या जातीची चूक हल्लेखोराच्या हाती लागली तर तो आत शिरतो, क्लाउडफ्लेअरच्या जातीची लागली तर फार तर बंद पाडतो. पण बंद पडल्यानंतर पुढे काय, याचं उत्तर टाइप सिस्टिमकडे नाही. 'थांबायचं' हे ठरलं. किती भाग थांबवायचा, हे राहिलं.

या दुसऱ्या प्रश्नावर मला सर्वांत पटलेलं उत्तर एर्लांग या भाषेचं आहे. जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती भाषा घडवली. तिथे प्रत्येक छोट्या प्रोसेसची (स्वतंत्र चालणाऱ्या कामाची) हीप स्वतःची. निरोप पाठवायचा तर मजकुराची नक्कल जाते. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण फायदे बघा. एकाचा कलेक्टर चालला तर दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. एक प्रोसेस मेली की तिची पूर्ण हीप एका झटक्यात फेकून देता येते, काय जिवंत नि काय मेलेलं हे शोधायचंच नाही. वर बसलेला सुपरवायझर नवी प्रोसेस उभी करतो. माझं सत्राचं कोष्टक एर्लांगच्या पद्धतीनं, प्रत्येक सत्राला एक प्रोसेस, असं लिहिलं असतं तर नोंद आणि तिचं आयुष्य एकच झालं असतं. मेमरीची रचना आणि चुकीची सीमा ही एकाच रेषेवर आखता येतात, ही कल्पना जितकी पसरायला हवी होती तितकी पसरलेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला एमआयटीचे मार्टिन रिनार्ड. त्यांच्या गटानं २००४ मध्ये सुचवलं की सीचा प्रोग्राम बफरच्या बाहेर लिहायला गेला तर ते लिहिणं टाकून द्या, बाहेरून वाचायला गेला तर काहीतरी किंमत बनवून द्या आणि पुढे चालू द्या. अपाची, सेंडमेल, पाइन अशा खऱ्या प्रोग्रामांवर हे करून पाहिलं, आणि हल्ल्याच्या इनपुटनंतरही ते कामं करत राहिले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडलो होतो. आता तेवढा चिडत नाही. मेल वाचायच्या प्रोग्रामला हे चालेल, बँकेच्या खातेवहीला चालणार नाही. बर्जर आणि बेंजामिन झॉर्न यांचं २००६ चं डायहार्ड याच घराण्यातलं पण जास्त सभ्य: हीप मुद्दाम मोठी ठेवायची, वस्तू तिच्यात यादृच्छिक जागी टाकायच्या, म्हणजे छोटा ओव्हरफ्लो बहुधा रिकाम्या जागेत पडेल. 'बहुधा' किती, हे संभाव्यतेनं मांडता येतं.

'मेमरी चालताना मागूच नका, सुरुवातीलाच राखून ठेवा' असं सांगणारेही भेटतील. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत असताना जेरार्ड होल्झमन यांनी घातलेल्या दहा नियमांत तो एक आहे, आणि त्यामागे कारण आहे. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेलं स्पिरिट हे रोव्हर अठराव्या दिवशी बेभान झालं. फ्लॅशमध्ये फाइली साठत गेल्या होत्या, त्यांची यादी रॅममध्ये ठेवायला फाइल सिस्टिमला जागा पुरेना, संगणक रीसेट झाला, उठल्यावर पुन्हा तीच यादी वाचायला गेला, पुन्हा रीसेट. अभियंत्यांनी फ्लॅश न जोडता तो उठवला, फाइली पुसल्या आणि रोव्हर पुढे २०१० पर्यंत चाललं. नियम चांगला आहे. फक्त क्लाउडफ्लेअरचे ते २०० याच नियमाचं बाळ होतं, हे विसरू नका. राखीव जागा संपली की काय, हा प्रश्न उरतोच.

हार्डवेअरचा भाग घाईत उरकतो, कारण माझा हात तिथे कमी चाललाय. केंब्रिज आणि एसआरआय ही संशोधन संस्था यांचं चेरी हे चिपचं तंत्र पॉइंटरलाच त्याची हद्द आणि अधिकार चिकटवून देतं; चिपची रचना करणाऱ्या आर्म कंपनीनं त्यावर मोरेलो नावाचा प्रायोगिक बोर्ड २०२२ मध्ये दिला. आर्मचं मेमरी टॅगिंग त्याहून स्वस्त: दर १६ बाइटला ४ बिटांची खूण, पॉइंटरची आणि जागेची खूण जुळली नाही तर अडवायचं. खुणा १६च, त्यामुळे कधीतरी योगायोगानं जुळतातही. जुन्या सी कोडसाठी हे हवंच. पण सगळा जुना कोड बदलला नाही तर सगळं व्यर्थ, ही भीतीही फोल ठरलीय. अँड्रॉइडच्या सुरक्षा-त्रुटींमध्ये मेमरीच्या त्रुटींचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं; जुना कोड मुख्यतः तसाच ठेवून, फक्त नवा कोड सुरक्षित भाषांत लिहून. जुन्या कोडमधल्या चुका वर्षागणिक सापडत-मिटत जातात, नव्या चुका नव्या कोडमधून येतात.

तर तुमच्यासाठी काय उरलं? ती पहिली फट, 'लागणार नाही' आणि 'पोहोचता येत नाही' यांच्यातली. त्यावर आपल्याकडे पवईत चांगलं काम झालंय. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये हीपमधल्या संदर्भांचं विश्लेषण मांडलं. समजा, हजार कड्यांच्या यादीचं टोक तुमच्या हातात आहे आणि प्रोग्राम यापुढे पहिल्या दोनच कड्या पाहणार आहे. कलेक्टर हजारच्या हजार धरून ठेवतो, कारण पोहोचता येतं. त्यांचं विश्लेषण कोड वाचून सांगतं की तिसऱ्या कडीकडे जाणारी वाट आता कुणी चालणार नाही, आणि तिथे 'नल' ('पुढे काही नाही' ही खूण) घालतं. कलेक्टर तोच, त्याला दिसणारं चित्र बदललं. मोठ्या औद्योगिक कोडवर हे नेणं अजून जिकिरीचं आहे, एकाच वस्तूला अनेक नावं असली की विश्लेषण घाबरून सगळंच जिवंत मानतं. म्हणजेच तिथे काम आहे.

पण हे माझ्या हॅशमॅपला लागू पडेल का? नाही. कुठलीही किल्ली कधीही मागितली जाऊ शकते, आणि ग्राहक परत येणार की नाही हे प्रोग्रामच्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही. तिथे मायकेल बाँड आणि कॅथरिन मॅकिन्ली यांचं २००९ चं लीक प्रूनिंग बघा. युक्ती इतकी सरळ आहे की हेवा वाटतो. मेमरी संपली, प्रोग्राम तसाही मरणारच आहे. मग मरण्याऐवजी फार दिवसांत कुणी न शिवलेल्या वस्तू सोडून द्या आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांवर खूण करा. प्रोग्राम पुढे कधी त्या वाटेनं गेलाच, तर तेव्हा ती जुनी 'मेमरी संपली' चूक फेका. नियमांचा भंग नाही, कारण चूक घडलेलीच होती, फक्त पुढे ढकलली.

आमच्या रविवारच्या रीस्टार्टलाही विद्वानांकडे नाव आहे बरं का: सॉफ्टवेअर रिजुव्हनेशन, बेल लॅब्ज, १९९५. सॉफ्टवेअर 'म्हातारं' होतं, तेव्हा अधूनमधून ठरवून ताजं करा, आणि कधी करायचं हे गणितानं काढा. क्रॉनवाल्या त्या अज्ञात माणसानं गणित केलं नव्हतं, पण उत्तर बरोबर आलं होतं.

विषय मार्गदर्शकांशी बोलून ठरवा, मी सुचवेन तो एवढाच: लीक प्रूनिंग आणि एर्लांगची सीमा एकत्र आणता येते का? वस्तू एकेक न सोडता, सत्रासारखा एक अख्खा तुकडा सोडायचा, आणि त्याला हात लावणाऱ्या विनंतीलाच तेवढी चूक द्यायची. आणि पहिल्या महिन्यात लेख वाचत बसू नका. एक साधा सर्व्हर घ्या, मुद्दाम गळू द्या, हीप आवळून ठेवा आणि दोन आलेख शेजारी काढा: खऱ्या विनंतीला लागणारा वेळ, आणि हेल्थ चेकचं उत्तर. ते कुठे फारकत घेतात ते मोजा.

आमच्या हॅशमॅपची दुरुस्ती चार ओळींची होती. अर्धा तास न वापरलेलं सत्र काढून टाकायचं, एवढंच. ती फ्रीझ उठल्यावर, तुळशीच्या लग्नानंतर गेली. रविवारची क्रॉनची ओळ मात्र काढू का म्हणून विचारलं तर वरिष्ठ म्हणाले, राहू दे. मी तो प्रकल्प सोडला तेव्हाही ती तिथेच होती.